आधी मीठ धू, मग डबा उघड

बाबू,

आजोबांची फियाट मांद्र्याच्या खोपीतून बाहेर काढलीस, फार बरं केलंस. साठच्या दशकातली डिलाइट आहे ती. तिचीच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं निघत राहिली. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही शोधले तर मिळतात. मिळत नाही तो पत्रा. म्हणून गंजाचा प्रश्न तू सगळ्यांत आधी काढलास, ते योग्यच झालं.

तू विचारलंस, "मामा, कुठलं अँटी-रस्ट मारू?" ते सांगतोच. पण त्याआधी एक ऐक. मांडवीकाठच्या यार्डात मी बार्जी रंगवायला लागलो तेव्हा मुकादमांनी पहिल्याच दिवशी कानात घातलं होतं, की रंगाखाली मीठ राहिलं तर डबा कितीही महागाचा असो, तो एक पाऊस काढत नाही. याला अपवाद मी अजून पाहिलेला नाही.

मीठ काय करतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. डिचोली, पाळी, कुडणे या बाजूला खाणीतून जे निघतं ते लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. भट्टीत प्राणवायू काढून टाकला की लोखंड हाती येतं. त्याच लोखंडाला हवा आणि पाणी पुन्हा मिळालं की ते परत तांबडी माती व्हायला निघतं. दाराखालून तुझ्या हाताला जो भुगा लागला, तो आणि डिचोलीच्या खाणरस्त्यावरची धूळ, रसायन म्हणून जवळपास एकच. कोरड्या हवेत हे फार हळू चालतं. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की पत्रा गंजायला खरी सुरुवात होते. पत्र्यावर मीठ असेल तर ७५ टक्क्यांच्या पुढे ते मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर पत्र्यावर बसून राहतो. पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तेवढे चार महिने हवा या आकड्याच्या खाली येतच नाही म्हणेनास. म्हणजे गाडी छपराखाली असली, वरून थेंब पडत नसला, तरी आत मीठ असेल तर पत्रा चार महिने ओलाच राहतो.

मांद्रे, मोरजी, हरमल, केरी ही गावं तर समुद्राच्या तोंडावरच. तिथे वाऱ्यावरूनच मीठ येऊन बसतं, गाडी किनाऱ्यावर न्यावी लागत नाही. डिचोलीवाल्यांना वाटतं, आपण आत आहोत, आपल्याला काय. पण मांडवीत भरती फार आतपर्यंत चढते, आणि एप्रिल-मे महिन्यांत वरून गोड पाणी येत नाही तेव्हा खारेपणाही तिच्याबरोबर वर सरकतो. सारमानसच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवताना चाकं पाण्यातून गेली, तर ते पाणी उन्हाळ्यात खारंच धरून चाल. खाणरस्त्याची तांबडी धूळ स्वतः पत्रा खात नाही, पण मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात तिचा लगदा बसतो आणि दिवसचे दिवस सुकत नाही. पत्रा सडतो तो त्या लगद्याच्या मागे.

कामाचा पहिला दिवस नुसता तपासायला ठेव. फियाटला वेगळी चॅसी नाही, तिचं अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची पेटी, ज्याला डेंटर सिल म्हणतात, ती गेली की गाडीचा कणाच गेला. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धर आणि लाकडी मुठीने ती पेटी पुढून मागे ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो. सडका पत्रा बद्द वाजतो, आणि कान लावलास तर ठोक्यासरशी आतला भुगा सरसरत खाली बसलेला ऐकू येतो. बद्द वाजेल तिथे टोक टोचून बघ. आत घुसलं तर तिथे कोटिंगचं काम नाही. कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांच्या बैठकी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि बॅटरीचा ट्रे या जागा सोडू नकोस. बॅटरीच्या ट्रेवर आम्ल सांडलेलं असतं. तिथे आधी खायच्या सोड्याचं पाणी ओत, फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा, मग साध्या पाण्याने धू.

बंद पोकळीत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, हे पणजीने एकदा फार वाईट रीतीने पाहिलं आहे. १९७० च्या सुमारास बांधलेला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. वरून रस्ता वाहता होता, आणि आत तार झिजत होती. त्यानंतर कित्येक वर्षं पणजी-बेती हा रोजचा प्रवास फेरीबोटींवर आला. फियाटच्या सिलचा, दाराच्या तळाचा आणि खालच्या बंद पेट्यांचा विचार करताना हा पूल डोळ्यांसमोर ठेव. बाहेरचा रंग कितीही सुरेख झाला तरी पेटीच्या आत काय लावलं, यावरच गाडीचं आयुष्य ठरणार आहे.

आता धुणं. हा भाग सगळे उरकून टाकतात आणि इथेच मार खातात. आधी तेल-ग्रीस काढ, मग मीठ, मग गंज. हा क्रम उलटा केलास तर ग्राइंडर ते ग्रीस आणि मीठ पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत आणखी खोल दाबतो. डीग्रीसर लावून, घासून, पोटाखालून प्रेशरने धू. दुसऱ्या दिवशी पुन्हा धू, शक्य असेल तर कोमट पाण्याने. तुमच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ लागत असेल तर ते यासाठी वापरू नकोस, नळाचं घे. पत्रा उघडा पडला की त्यावर स्वच्छ पाणी ओतून बघ. पाणी सलग चादर धरून खाली उतरलं तर तेलकटपणा गेला. थेंब थेंब होऊन फुटलं तर अजून आहे.

गंज काढायला वायर ब्रशची वाटी सगळ्यांच्या हाताशी असते, पण ती खड्ड्यांतल्या गंजाला नुसती चकाकी आणते. पत्रा स्वच्छ दिसतो आणि गंज खड्ड्यात तसाच. खालच्या जाड भागांना ब्लास्टिंग करून घे. तिथे जाऊन आधी विचार, की कशाने मारता. गार्नेट किंवा स्टील ग्रिट असेल तर ठीक. वाळू म्हणाले तर परत ये. वाळूच्या धुळीने माणसाच्या फुप्फुसाला सिलिकोसिस होतो, आणि ती वाळू किनाऱ्यावरची निघाली तर आपण मीठच पत्र्यात ठोकून भरतो. बॉनेट, दारांचा बाहेरचा पत्रा, छप्पर यांना ब्लास्टिंग करू नकोस. पातळ सपाट पत्रा वाकतो आणि मग कुठलाही डेंटर तो सरळ करू शकत नाही. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताने घासणं हाच मार्ग. जुना रंग कोरडा घासू नकोस. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. पाणी लावून, वॉटर पेपरने घास आणि तो गाळ विहिरीकडे जाऊ देऊ नकोस.

मीठ गेलं की नाही, याची यार्डातली एक साधी खूण आहे. उघडा केलेला एखादा छोटा भाग धुऊन, पुसून रात्रभर तसाच दमट हवेत राहू दे. सकाळी सगळ्या पत्र्यावर हलकी सारखी पिवळट झाक आली तर ती हवेची, घासली की जाते. पण खड्ड्याखड्ड्यांत काळे-तांबडे ठिपके उठले असतील तर मीठ तिथेच बसलंय. पुन्हा धू, पुन्हा घास, पुन्हा बघ. माझा आग्रह आहे, की ठिपके उठणं थांबेपर्यंत प्रायमरचा डबा उघडूसुद्धा नकोस. आणि एकदा पत्रा साफ झाला की उघड्या हाताने शिवायचं नाही. आपल्या घामात मीठ असतं. दोन महिन्यांनी रंगाखालून बोटांचे ठसे तांबडे होऊन वर आलेले मी पाहिले आहेत.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल तू विचारलंसच. आपल्याकडे जुन्या दप्तरांची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांच्यापासून करत. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाच्या क्षाराला भेटलं की काळंनिळं, घट्ट, न विरघळणारं संयुग बनतं. कन्व्हर्टरच्या बाटलीत बहुतेक वेळा हेच टॅनिक आम्ल असतं, किंवा फॉस्फोरिक आम्ल, किंवा दोन्ही. म्हणून तो लावला की तांबडा पत्रा काळा पडतो. उपयोग आहे, पण मर्यादित. जिथे ब्रश पोचत नाही, ब्लास्टिंग पोचत नाही, तिथल्या पातळ घट्ट गंजापुरता. पापुद्रे सुटलेल्या गंजावर लावलास तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा काम चालूच ठेवतो. चकचकीत पत्र्यावर टॅनिनला पकडायला गंजच नसतो. फॉस्फोरिकवाला वापरलास तर कंपनीने सांगितलं असेल तसा तो धुऊन पूर्ण सुकव. आम्लाचा अंश राहिला तर वरच्या इपॉक्सीचा हार्डनर त्यानेच खर्ची पडतो आणि इपॉक्सी चिकट, मऊ राहतो.

आता प्रायमर. गावात कोणालाही विचार, तो रेड ऑक्साइड सांगेल. याला कारण आहे. पूर्वी बोटींच्या तळाला आणि पुलांच्या गर्डरना अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर मारत. तोच, मारुतीला चढतो तो, शिशाचा शेंदूर. तो तेलाशी मिळून लोखंडाला खरोखर गंजापासून वाचवायचा. पण शिसं अंगात गेलं की विष, म्हणून तो मागे पडला आणि जवळपास त्याच रंगाचं रेड ऑक्साइड दुकानात आलं. त्यातली तांबडी पूड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, डिचोलीच्या मातीच्या जातीचं. ती स्वतः गंजाला अडवत नाही. अडवतो तो तिच्याबरोबरचा तेला-राळेचा थर, आणि तो पातळ असतो, त्यातून पाणी झिरपतं. खिडकीच्या गजांना आणि गेटला ठीक आहे. दर दोन वर्षांनी पुन्हा मारता येतं. गाडीच्या पोटाला मारू नकोस. दुकानदार झिंक फॉस्फेट घातलेला रेड ऑक्साइड देईल, तो नुसत्यापेक्षा बरा, तरीही आपलं काम त्याने भागणार नाही.

झिंकचा प्रायमर वेगळा. बार्जीच्या बुडाला आम्ही जस्ताच्या विटा बसवायचो. लोखंडाऐवजी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. झिंक-रिच प्रायमरही तेच करतो, पण त्यातली जस्ताची पूड उघड्या पत्र्याला प्रत्यक्ष टेकली पाहिजे. गंजावर, दुसऱ्या प्रायमरवर किंवा कन्व्हर्टरवर मारलास तर ती नुसती करडी पूड. वेल्ड करताना दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर आधी लाव, कारण त्या फटीत नंतर काहीच पोचत नाही. जस्तावर वेल्डिंग करताना धूर अंगावर घेऊ नकोस, ताप भरतो. आणि कोणी गाडीला जस्ताची वीट बसवून देतो म्हणाला तर नको म्हण. बार्ज पाण्यात बुडालेली असते, त्या पाण्यातूनच ते संरक्षण सगळीकडे पोचतं. गाडी पाण्यात नसते, तिथे वीट आपल्या जागेभोवती चार बोटं सोडून कुणालाच वाचवत नाही.

फियाटसाठी मी निवडेन तो दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, आणि त्यातही बोटींना वापरतात तो. पेडण्यात काजूच्या बिया भाजताना टरफलातून जे काळं तेल उडतं, हाताला लागलं की कातडी सोलते, ते तुला माहीत आहे. कोकणात ते होड्यांच्या लाकडाला पाण्यापासून वाचवायला लावत आले. त्याच टरफलाच्या तेलापासून आज फिनाल्कामाइन नावाचे हार्डनर बनतात, आणि जहाजांच्या चांगल्या इपॉक्सीत तेच असतात. त्यांचा गुण असा, की दमट हवेतही ते नीट घट्ट होतात. साध्या अमाइन हार्डनरवर दमट दिवशी तुपकट पांढरी साय येते आणि वरचा रंग धरत नाही. वास्कोला किंवा बेतीला बोटींच्या रंगाच्या दुकानात जा आणि हार्डनर फिनाल्कामाइनचा आहे का, असं विचारूनच घे. डेटा शीट मागून घे. त्यावर मिश्रणाचं प्रमाण, मिसळल्यावर किती मिनिटं थांबायचं, आणि दुसरा हात किती तासांच्या आत मारायचा हे लिहिलेलं असतं. मिश्रण अंदाजाने करायचं नाही, मापाच्या भांड्याने करायचं. दुसऱ्या हाताची मुदत उलटली तर घासून खरखरीत केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दमटपणानेच घट्ट होणारे युरेथेन कोटिंगही मिळतात, परदेशी नावांचे. गोव्याच्या हवेत ते चांगले जमतात, आणि खरखरीत, जुन्या, घट्ट गंजाच्या पत्र्याला फार छान पकडतात. गुळगुळीत नव्या पत्र्यावरून मात्र साल निघावी तसे निघतात. उन्हातही टिकत नाहीत, वर रंग लागतोच. डबा उघडलास की हवेतला दमटपणा त्यात शिरतो, म्हणून लागेल तेवढंच दुसऱ्या भांड्यात काढ आणि लगेच बंद कर.

दिवस निवडणं डबा निवडण्याइतकंच महत्त्वाचं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर हवं आणि हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली, हा जहाजांच्या रंगकामाचा जगभरचा नियम. आपल्याकडे त्याचा अर्थ असा, की पावसाळ्यात उघड्यावर रंगकामाला हातच लावायचा नाही. डिसेंबर ते मार्च काम करायचं. त्यातही सकाळी लवकर नाही, कारण थंडीत डिचोलीकडे धुकं असतं आणि पत्रा रात्रभर गार होऊन घामेजलेला असतो. पत्र्याच्या मागच्या बाजूला हात लाव, तिथे ओल लगेच कळते. दहाच्या सुमारास पत्रा तापतो आणि मतलई वारं अजून जमिनीकडून येत असतं, कोरडं. दुपारकडे वारं फिरतं आणि खारं सुरू होतं. मांद्र्यात तर खिडकीच्या पडद्यावरूनही ते कळतं. वारं फिरायच्या आत उघड्या पत्र्यावर पहिला हात पडला पाहिजे. म्हणून मिठाची खूण बघायला ठेवलेला छोटा भाग सोडला, तर आदल्या दिवशी ब्लास्ट करून आणलेला पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. सकाळी ब्लास्ट, दुपारच्या आत प्रायमर. एका दिवसात होईल तेवढाच भाग उघडा कर, पूर्ण गाडी एकदम नागडी करू नकोस. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढ आणि लाइनला पाण्याचा फिल्टर लाव, नाहीतर गनमधून प्रायमरबरोबर पाणीच फवारलं जातं. दोन डब्यांच्या रंगांचा वास अंगावर घ्यायचा नाही. नाकाला रुमाल बांधून चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क पाहिजे. आयसोसायनेटचा रंग मारणार असशील तर ते काम बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कच्या बूथमध्येच करून घे.

गन हातात घ्यायच्या आधी ब्रश घे. हे आम्ही प्रत्येक बार्जीवर करायचो आणि गाडीवर कोणी करताना दिसत नाही. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, तिथे थर सगळ्यांत पातळ राहतो, आणि गंज नेहमी कडेवरूनच सुरू होतो. म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेची धार आधी कानशीने मोड. मग वेल्डच्या रेषा, कडा, बोल्टची भोकं, पत्रे जुळतात त्या शिवणी, सगळीकडे ब्रशने इपॉक्सी चोळून बसव. वरून नुसतं फासून नेऊ नकोस, ब्रशाचं टोक शिवणीत घुसव. इपॉक्सी थोडा सुकत आला की मग गनने दोन हात. प्रत्येक हात साधारण ५० मायक्रॉनचा, एकदम जाड ओतायचा नाही.

शिवणीत सीम सीलर भरायचा तो प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही. न्हाणीघरासाठी मिळतो तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन कधीही वापरू नकोस. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि सीलरच्या खालीच पत्रा गंजतो. पुट्टीही प्रायमरवरच. डेंटर म्हणेल उघड्या पत्र्यावर चांगली धरते. धरते, खरं आहे, पण पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी सरळ पत्र्याला पाजते. मधे इपॉक्सी असेल तर पाण्याची वाट तिथेच बंद होते. आम्लाने पत्र्याला पकडणारा एच प्रायमर मारला असेल तर त्यावर थेट पुट्टी नको, त्यातलं आम्ल पुट्टीचा हार्डनर बिघडवतं. आणि पैसे संपले, डेंटर गावाला गेला, काहीही झालं तरी गाडी रंगाखालच्या करड्या सरफेसरवर पावसाळ्यात ठेवायची नाही. सरफेसर सच्छिद्र असतो. रंग लांबणार असेल तर इपॉक्सीवर थांब, पुढे घासून चालू करता येतं.

पोटाला काळं जाड अंडरकोटिंग मारायचं का, हे तुझे वडील विचारतील. माझं मत स्पष्ट आहे. मडगार्डच्या आत, जिथे चाक खडी उडवतं, तिथे पक्क्या इपॉक्सीवर, मऊ राहणारं रबरी कोटिंग मार. बाकी पोटाला इपॉक्सी आणि वर रंग पुरे. डांबरी कोटिंग काही वर्षांनी कडक होतं, चिरतं, आणि चिरेत शिरलेलं पाणी त्याच्यामागे पसरत जातं. बाहेरून सगळं काळं आणि छान दिसतं. पोटातली पाण्याची भोकं बुजवली जाणं तर नेहमीचंच. जळकं ऑइल आणि डिझेल मारायची जुनी पद्धत सोडून दे. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं येतात, ते रबरी बुश फुगवतं, कातडीला वाईट, आणि पहिल्या पावसात ते तुमच्या बागेत आणि विहिरीत जातं.

बंद पेट्यांना मेण. कॅव्हिटी वॅक्स म्हणून मिळतं, लोकरीतल्या लॅनोलिनचेही प्रकार असतात. सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यानंतरच, कारण मेण मारलेल्या पेटीवर वेल्डिंगची ठिणगी गेली तर आग लागते. आधी पेट्यांतला भुगा व्हॅक्यूमने काढ, महिनाभर कोरड्या हवेत सुकू दे. मार्च-एप्रिलच्या दुपारी, गाडी उन्हात तापल्यावर, चहूबाजूंना फवारणाऱ्या लांब नळीच्या नोझलने मार. नळी पेटीच्या टोकापर्यंत घाल आणि फवारत हळूहळू मागे ओढ. तापलेल्या पत्र्यावर मेण शिवणीच्या फटीत स्वतःच शिरतं. खालच्या भोकांतून ते ठिबकायला लागलं की समज पेटी भरली. दुसऱ्या दिवशी ती भोकं तारेने पुन्हा मोकळी कर. पाणी आत जाणार हे गृहीतच धर, त्याला बाहेर यायची वाट मोकळी हवी. इतकं केल्यावर फियाटसारख्या गाडीला तीन-चार लिटर मेण सहज लागतं. कमी लागलं तर कुठली तरी पेटी कोरडी राहिली आहे. ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर आणि रबरं आधी झाकून घे.

चकचकीत पट्ट्या बसवताना त्यांच्या क्लिपा मेणात बुडवून बसव. क्लिप रंग खरवडते आणि गंजाचा पहिला ठिपका बहुतेक तिथेच येतो. ॲल्युमिनियमची पट्टी पत्र्याला उघडी टेकू देऊ नकोस, मधे नायलॉनचा वॉशर घाल.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या बार्जी मांडवीत बांधून पडलेल्या मी रोज बघत होतो. चालत्या बार्जीपेक्षा उभी बार्ज लवकर सडते, कारण तिला कोणी धूत नाही, कोणी खरवडत नाही. गाडीचंही तसंच. पावसाळ्यात ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नकोस, आत घाम धरतो. चारी बाजूंनी वारा खेळेल अशी शेड कर. खोपीची जमीन मातीची असेल तर ओल खालून वर येते, कोबा घाल आणि त्याच्या खाली प्लास्टिकचा कागद. पाऊस नसलेल्या दिवशी गाडी बाहेर काढून चालव, दारं उघडी ठेवून वाळव. फेरीबोटीतून किंवा किनाऱ्याकडून आलास की त्याच संध्याकाळी पोटाखालून गोड्या पाण्याने धू. मे महिन्यात दरवर्षी भोकं तारेने मोकळी कर आणि पेट्यांत मेणाचा एक हात दे.

आता ऑक्टोबर संपत आला. ब्लास्टिंगवाल्याकडे डिसेंबरातली सकाळची वेळ आत्ताच मागून ठेव, मग मिळत नाही. तोपर्यंत सिल ठोकून बघ आणि कुठे कुठे बद्द वाजतं ते पत्र्यावर खडूने खुणा करून ठेव. रविवारी मी येतो तेव्हा कापायच्या रेषा आपण दोघं मिळून आखू.

तुझा मामा